वळून गेलं तर

‘मॅडम, कृपया एकदा वळून बघावे,’ असं त्या पोरीनं अर्जात लिहिलं होतं. फेरतपासणीच्या अर्जात ‘कारण’ या शब्दापुढं दोनच ओळींची जागा असते. त्या दोन ओळींत मुलं सहसा स्वतःचं आजारपण, आईचं ऑपरेशन, नाहीतर ‘मला जास्त गुणांची अपेक्षा होती’ असलं काहीतरी खरडतात. हिनं गणित लिहिलं होतं. प्रश्न पाचवा, उपप्रश्न दुसरा. एक्स बरोबर वाय घन या वाटेनं आल्यास उत्तर अर्धा येते. कृपया एकदा वळून बघावे. अक्षर असं की कोंबडीनं पाय ओढलेत. मी हसले. मी हसले की विभागातली माणसं जरा सावरून बसतात. मुलं मला सुरी म्हणतात हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर ते नाव मला आवडतं. “मॅडम, पाचपर्यंत द्यायचाय परत,” विभागप्रमुख म्हणाला. माझ्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळं खुर्चीत बसूनही तो माझ्यापुढं उभा असल्यासारखाच असतो. “मूळ परीक्षकाचा शेरा लागतो. वाढवा, नाहीतर ‘बदल नाही’ लिहा, मी आपला खाली सही ठोकणार. पुढं अपील नाही.” “कितीनं गेलीय?” “चारानं. छत्तीस पडलेत. तिसरी आणि शेवटची खेप. आता गेली की नावच कमी होतं तिचं.” मग जरा आवाज उतरवून म्हणाला, “बाहेर बाकावर बसलीय. अकरापासून.” जाताना मी बघितलं. दुसऱ्या रांगेत बसणारी, फळ्याकडं डोळे बारीक करून बघणारी पोर. दोनदा नापास झालेली, तिसऱ्यांदाही पेपरात सगळं अर्धवट. ती उभी राहिली, मी हातानंच बस म्हटलं, आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

गणित साधं होतं. वर एक्स गुणिले वाय घन, खाली एक्सचा वर्ग अधिक वायचा सहावा घात, आणि आरंभबिंदूशी लिमिट आहे का, म्हणजे त्या बिंदूकडं सरकत आलं की उत्तर एकाच आकड्याशी टेकतं का, असल्यास किती. चार मार्कांचा प्रश्न. माझ्या नोट्सच्या नवव्या आवृत्तीत पान एकशे बारावर सोडवलेलं आहे, उत्तर शून्य. मी वर्गात नेहमी सांगते, एकच चल असेल तेव्हा सगळं सोपं असतं. एका बिंदूकडं यायला दोनच वाटा, डावीकडून या नाहीतर उजवीकडून या. दोन्हींकडून एकच उत्तर आलं की संपलं. पण दोन चलं आली की रस्त्याचं मैदान होतं, आणि मैदानातल्या एका ठिपक्याकडं कुठूनही चालत येता येतं. म्हणून आपण सरळ रेषा घेतो. ह्या कोनातून या, त्या कोनातून या, आडवं या, उभं या. दोन रेषांवरून वेगवेगळी उत्तरं आली तर लिमिट नाही. सगळ्या रेषांवरून तेच आलं, की लिमिट ते. हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतून उठवलं तरी लिहीन. मी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं एक्सच्या जागी वाय घन टाकला. वर वायचा सहावा घात आला. खाली तोच दोनदा आला. वरचा-खालचा गेला आणि अर्धा उरला. दीड ओळीचं काम. मी दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. अर्धा. एका वळणदार वाटेनं आलं की अर्धा, बाकी सगळ्या सरळ वाटांनी शून्य, म्हणजे लिमिटच नाही, आणि ती गचाळ अक्षराची पोर बरोबर आणि मी चूक. आणि मग मला, देवाशप्पथ सांगते, त्या पोरीचा संताप आला. अगं, पेपर कोण काढतं, नोट्स कोणाच्या, उत्तरपत्रिका कोण तपासतं, एवढी अक्कल नको का? शून्य लिहायचं, चार मार्क घ्यायचे आणि घरी जायचं.

आता मला हे ठाऊक नव्हतं म्हणणं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकणं झालं. सगळ्या रेषा तपासल्या तरी वाटा संपत नाहीत, हे मी नंतर वाचलं होतं. दुसऱ्या एका पुस्तकात, दुसऱ्या एका गणिताच्या निमित्तानं. पुढं वर्गात शेवटच्या दोन मिनिटांत सांगायलाही लागले होते, की कधीकधी वक्र वाट घेऊन बघावी म्हणून. पण पान एकशे बारापाशी आले की मी भराभर पुढं जायचे. मुलांना म्हणायचे, हे सोपं आहे, घरी बघा. का म्हणायचे? इतकी वर्षं मी स्वतःला हे विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचा अर्थ उत्तर माहीत होतं. त्या पानापाशी माझा धाकटा भाऊ बसला होता.

तेव्हा मी सव्वीसची होते. नुकतीच नोकरी लागलेली, सुवर्णपदक नुकतंच काचेच्या कपाटात लागलेलं, आणि घरात माझ्या शब्दाबाहेर आई-बाबासुद्धा नव्हते. तो वीस-एकवीसचा. पदवीचं शेवटचं वर्ष. त्याला पुढं गणितच करायचं होतं, आणि ज्या संस्थेत करायचं होतं तिथं प्रवेश परीक्षेतनं अठरा जण घेत. मी त्याला शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, सोलायचे. तो हळू होता. कुठलंही गणित दिलं की आधी नुसतं बघत बसायचा, पेन्सिलीचं टोक दातात धरून. मला ते बघवायचं नाही. त्या दिवशी मावशी आणि तिच्या दोन्ही मुली आल्या होत्या. सगळे एकाच खोलीत, आणि मी त्याला हेच गणित घातलं. मी सोडवून दाखवलं, शून्य. तो बघत बसला. मग म्हणाला, “ताई, पण वळून गेलं तर?” “म्हणजे?” “म्हणजे सरळ न जाता. असं... वळत वळत.” आणि त्यानं बोटानं सतरंजीवर एक वेलांटी काढली. मी खोलीभर बघितलं आणि म्हणाले, “बघा, सरळ चालताना धडपडतो आणि म्हणे वळून जातो!” मावशीच्या मुली खिदळल्या. आईसुद्धा हसली. आई हसली हे त्याला लागलं असावं, कारण तो तिच्याकडं बघत होता. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं होतं, ते रबरानं खोडलं. खोडताना कागद फाटला. मी म्हणाले, “फाड अजून. डोक्यात नाही ते हातात कुठून येणार.” माझ्या आवाजातली ती मजा मला अजून जशीच्या तशी आठवते. पोट भरलेलं असतं ना, तसं वाटत होतं.

आणि परीक्षेत तेच आलं. हा योग कसला म्हणावा! संध्याकाळी तो नाचत घरी आला, चपलासुद्धा न काढता आत. “ताई, तू घातलेलंच आलं! सहा मार्कांना! मी सरळ शून्य लिहिलं, दोन मिनिटांत!” मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, म्हणाले, “मग! कोणाचा भाऊ आहेस!” त्याला इतका आनंद झाला की तो रात्री जेवताना सारखा हसत होता. निकालात तो चार मार्कांनी खाली राहिला. एकोणिसावा. बाबा काही बोलले नाहीत. मी बोलले. मी म्हणाले, “जाऊ दे. तुझा पिंडच नाही तो.” त्यानं मान डोलावली. पुढच्या महिन्यात तो बाबांच्या ओळखीनं एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागला. आज ते दुकान त्याचं आहे, लग्न झालं, मुलगी आहे, माझ्याशी अजून वाकून बोलतो. गणिताचं नाव निघालं की हात जोडतो आणि म्हणतो, “नको रे बाबा, ते ताईचं खातं.” लोक हसतात. मीही इतकी वर्षं हसत आले.

दीड वाजला होता. अर्जावर ‘गुण वाढवावेत, चाळीस’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तो पर्समध्ये घातला आणि बाहेर पडले. पोर पुन्हा उभी राहिली. “बस,” म्हणाले, “पाचपर्यंत होईल.” बसमध्ये मी मनाशी म्हणत होते, त्याला सांगितलंच पाहिजे, त्याचा हक्क आहे. किती मोठं मन माझं! खरं काय होतं ते सांगते. मला हलकं व्हायचं होतं. मी सांगणार, तो जरा गप्प होणार, मग नेहमीसारखा म्हणणार, जाऊ दे गं ताई, कुठलं काय घेऊन बसलीस. मग मी परत जाऊन पोरीला चार मार्क देणार आणि माझं दोन्हीकडचं मिटणार. त्यानं आयुष्यभर माझं सगळं गिळलं होतं, हेही गिळेल अशी माझी खात्री होती. त्याच्या चांगुलपणावर माझ्याइतका विश्वास कोणी ठेवला नसेल.

तो मागच्या खोलीत होता. दगडाच्या फिरत्या चाकावर पाणी ठिबकत होतं आणि तो भिंग धरून कडा घासत होता. बोटं पांढऱ्या गाळानं माखलेली. “अगं ताई! ह्या वेळेला? बस बस, त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं.” भिंगावर शाईनं एक रेघ आखलेली होती. मी उगाच विचारलं, ही कशाला. “ह्या माणसाचा नंबर सगळ्या बाजूंनी सारखा नाहीये ना. आडवा वेगळा, उभा वेगळा. मग कुठल्या कोनातून किती, ते धरून बसवावं लागतं. कोन चुकला तर नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं त्याचं.” हे तो इतक्या मायेनं सांगत होता की मला उठून जावंसं वाटलं. मी गेले नाही. मी अर्ज काढून त्याच्यासमोर धरला, मागची बाजू. म्हणाले, “हे बघ. आठवतंय?” त्यानं हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. मग भिंगावर खुणा करायचं ते पेन घेतलं आणि समोरच्या काचेवर स्वतः लिहायला लागला. एक्सच्या जागी वाय घन. तो हळू नव्हता. सव्वीस वर्षं हात न लावलेल्या माणसाचा हात तसा चालत नाही. काचेवर अर्धा लिहून झाल्यावर त्यानं पेनाला टोपण लावलं, आणि चाक तसंच फिरत राहिलं.

“मी वहीत हेच लिहिलं होतं,” तो म्हणाला. “तेव्हा?” “हो. नंतर खोडलं ना मी.” मी म्हणाले, “मला माहीत नव्हतं रे. मी तेव्हा फक्त रेषा...” “किती मार्कांना होता गं तो?” “तुला आठवत नाही?” “मला आठवतंय. तुला आठवतंय का ते बघतोय.” त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “सहा,” म्हणाले. “आणि मी कितीनं गेलो?” “चारानं.” तेवढ्यात पुढं दाराची घंटी वाजली. एक म्हातारा चष्मा न्यायला आला होता. भाऊ हात धुऊन पुढं गेला, म्हाताऱ्याच्या कानामागं काडी बसवली, नाकावर टेकतंय का विचारलं, वाचायला कागद दिला, “आजोबा, जिना उतरताना पहिले दोन दिवस जपून हं,” म्हणाला, हसला. मी आतून बघत होते आणि मनात म्हणत होते, चला, निवळला. तो परत आला, चाक बंद केलं, ओल्या फडक्यानं काचेवरचं गणित पुसून टाकलं.

“तू मला आत्ता का सांगितलंस हे?” “तुझा हक्क आहे म्हणून.” “नाही. सव्वीस वर्षं होता की हक्क.” मग मी पोरीचं सांगितलं. तिसरी खेप, छत्तीस, पाच वाजता अर्ज द्यायचा, ती बाकावर बसलीय. तो ऐकत होता. मला वाटलं, आता म्हणेल, अगं मग जा ना, देऊन टाक. “तिनं अर्धा लिहिलं?” “हो.” “तू शिकवलेलं शून्य, आणि तिनं पेपरात अर्धा लिहिलं. तुझ्या पेपरात.” “हो रे.” “तुला घाबरली नाही?” त्याचे डोळे भरले होते, आणि त्यात माझ्याविषयी काही नव्हतं, तो तिचा हेवा करत होता. “देऊ नकोस तिला,” तो म्हणाला. “काय?” “मार्क. देऊ नकोस. मला दिलेस? मी तुझं ऐकलं तर मी इथं काचा घासतोय, आणि तिनं ऐकलं नाही तर ती पुढं जाणार? असं कसं चालेल ताई? मग मी काय केलं गं सगळं?” शेवटचं वाक्य तो ओरडून बोलला. पुढं रस्त्यावरनं जाणारं कोणीतरी आत डोकावलं. तो पुन्हा म्हणाला, आता हळू, “नको देऊस. एवढं माझं ऐक. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडं.”

खरंच कधी मागितलं नव्हतं. मी उठले, त्याच्या खांद्याला हात लावायला गेले, तो बाजूला झाला. मी दुकानाबाहेर आले, आणि मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटली पाहिजे, पण लाज असती तर ही वेळच आली नसती. मला हायसं वाटलं. त्यानं माझ्या हातात कारण ठेवलं होतं. मला आता नोट्सच्या नऊ आवृत्त्यांसाठी, सुवर्णपदकासाठी, पोरांनी ठेवलेल्या नावासाठी ‘बदल नाही’ लिहायचं नव्हतं, मला ते भावासाठी लिहायचं होतं. बसमध्ये मी खिडकीशी बसून डोळेसुद्धा पुसले. शेजारच्या बाईनं विचारलं, “बरं नाही का?” मी म्हणाले, “भावाकडं गेले होते.” ती म्हणाली, “होतं हो असं,” आणि मला तिची कणव आवडली.

सव्वाचारला मी खोलीत पोचले. अर्जाची मागची बाजू खोडरबरानं नीट साफ केली, कागद फाटू दिला नाही. पुढच्या बाजूला लिहिलं, ‘उत्तर पुन्हा तपासले. बदल नाही.’ माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात. विभागप्रमुखानं वाचलं आणि पेन हातात धरून बसला. “मॅडम, मी... ते वाय घन टाकून बघितलं होतं दुपारी.” “मग?” म्हणाले. मी त्याच्याकडं बघत राहिले. तो कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा बाप आहे, केस पिकलेत, आणि तरी त्यानं नजर कागदावर वळवली. “नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल,” तो म्हणाला आणि सही ठोकली. पोरीला मीच बोलावलं. ती आत आली, दोन्ही हातांनी कागद घेतला, डोळे बारीक करून वाचला. वाचायला पाचच शब्द होते, तिला बराच वेळ लागला. ती रडेल, भांडेल, निदान ते गणित तरी तोंडानं म्हणेल, म्हणून मी तयार होऊन बसले होते. मी आतल्या आत तिला म्हणतसुद्धा होते, की म्हण गं, एकदा म्हण. तिनं कागदाची घडी घातली, सवयीनं मान वाकवली आणि म्हणाली, “थँक्यू, मॅडम.” दार हळू लावून गेली.

साडेसहाला भावाचा फोन आला. मी घरी पोचून दिवा लावत होते. “ताई,” तो म्हणाला. “दुपारी मी काहीच्या बाही बोललो गं. डोकं फिरलं होतं. ऐक, दे तिला. काय चूक त्या पोरीची? मी तुला मघापासून फोन करतोय, तू उचलत नव्हतीस. दिलेस ना गं? पाच वाजून गेले म्हणून विचारतोय. मुलीला सांगितलं मी सगळं, ती म्हणाली, बाबा, आत्त्या देईलच, ती काय तुझं ऐकणार आहे होय.” मागं त्याची मुलगी हसत होती, तोही हसायला लागला, नाक ओढत. “ताई? दिलेस ना?”

“दिले,” म्हणाले.

“सुटलो!” तो म्हणाला. मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. “खरंच सुटलो. आपल्यातलं एक तरी गेलं बघ पुढं. आणि काय गं, तिला कळलं तेव्हा काय म्हणाली ती?”

दिवसभरात त्याला सांगण्यासारखी एकच खरी गोष्ट माझ्याजवळ होती, ती मी सांगितली.

“थँक्यू म्हणाली.”